अकरा माणसं, एक फ्रेम आणि गिरगाव

"आजी, सगळ्यांचा मिळून एक मस्त फॅमिली फोटो काढू या," असं मी म्हटलं, तेव्हा आजीने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "काढ की. मोबाइल चोवीस तास हातातच असतो ना तुझ्या?"

पॉइंट होता! माझ्या फोनमध्ये आठ हजार फोटो आहेत. कॉफीचे, मांजरांचे, ऑफिसच्या लिफ्टमधले. पण त्यात आमचं अख्खं कुटुंब एकत्र असलेले फोटो किती? शून्य.

आमच्याकडे शेवटचा 'ऑफिशियल' फॅमिली फोटो १९७४ सालचा. गिरगावातल्या एका स्टुडिओत काढलेला. आजोबा खुर्चीत, शेजारी आजी, बाबा चार वर्षांचे आणि काका मांडीवर. आजोबा गेले तेव्हा हार घालायला त्यांचा एकट्याचा फोटोच सापडेना. मग याच फोटोतून त्यांना कापून मोठं केलं. डोंबिवलीच्या घरी भिंतीवर आहे तो. नीट बघितलंत तर आजोबांच्या खांद्याला लागून आजीच्या पदराची कड दिसते.

या वर्षी घाई करायला कारणं होती. आजी ऐंशीची झाली. चुलतभाऊ नोकरीसाठी डब्लिनला निघाला. आणि गिरगावची आमची चाळ रिडेव्हलपमेंटला जाणार. त्या चाळीतल्या पागडीच्या खोलीवरूनच बाबा आणि काका गेली तीन वर्षं एकमेकांशी कामापुरतंच बोलतात. आजीने एकच अट घातली, "फोटोत दोघंही हवेत."

म्हणजे मला नुसता फोटोग्राफर नको होता. अकरा माणसांना पंधरा मिनिटं एकत्र उभं करू शकणारा माणूस हवा होता. एका शनिवारी सकाळी डोंबिवलीहून फास्ट लोकल पकडली आणि शोधमोहीम सुरू!

स्टॉप १ : एसी, पॅकेज आणि व्हाइट शर्ट

पहिला स्टुडिओ अंधेरीत. एकदम चकाचक. रिसेप्शनवर ग्रीन टी मिळाला. पॅकेज ठरलेलं : पंचेचाळीस मिनिटं, सगळ्यांना पांढरे शर्ट आणि जीन्स. आजीला जीन्स? "मॅम, आजींना ऑफ-व्हाइट साडी चालेल."

अल्बम अफलातून होता, पण त्यात प्रत्येक कुटुंबाचा एकच फोटो. मी विचारलं, एखाद्या कुटुंबाचं पूर्ण शूट बघायला मिळेल का? थोडी चुळबुळ झाली. इथे पहिला धडा मिळाला. दहा कुटुंबांचे दहा बेस्ट फोटो कोणीही दाखवेल. तुम्ही एकाच कुटुंबाचे सगळे फोटो मागा. म्हातारी माणसं अवघडलेली दिसतात का? लहान मूल रडल्यावर पुढच्या फ्रेममध्ये काय झालं? खरी कसोटी तिथे लागते.

सॅम्पल म्हणून त्यांनी माझ्या फोनमधला आजीचा फोटो रिटच करून दिला. रात्री आजीला दाखवला. तिने बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ही कोण गं? आपल्यातली वाटत नाही." अंधेरी कॅन्सल!

स्टॉप २ : गिरगावातले काका

दुसऱ्या शनिवारी थेट गिरगाव गाठलं. २०२५ च्या ऑक्टोबरपासून इथे भुयारी मेट्रोचं स्टेशन आहे, पण आम्ही जुने गिरगावकर चर्नी रोडलाच उतरतो. पूल ओलांडला की ओळखीचं सगळं दिसायला लागतं : लाकडी गॅलऱ्या, वाळत घातलेले कपडे आणि मध्येच आकाशात घुसलेले टॉवर.

फोटोचं आणि या भागाचं नातं तसं जुनं आहे. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे भाऊ डॉ. नारायण दाजी हे त्या काळातले नावाजलेले हौशी फोटोग्राफर. दादासाहेब फाळक्यांनीही आधी गोध्र्याला फोटो स्टुडिओ काढून बघितला होता. पुढे ३ मे १९१३ ला त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' झळकला तो याच गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये. इथून टॅक्सीच्या अंतरावर बॅलार्ड इस्टेट. तिथे १९२८ साली सुरू झालेल्या हॅमिल्टन स्टुडिओत पोर्ट्रेट काढून घेणं म्हणजे बड्या मंडळींचा थाट. चाळीतल्या लोकांसाठी असायचा गल्लीतला स्टुडिओ.

आमचा १९७४ चा स्टुडिओ अजून आहे! म्हणजे पाटी आहे. आत पासपोर्ट फोटो, झेरॉक्स आणि लॅमिनेशन. गल्ल्यावरच्या काकांना मी फोटो दाखवला. त्यांनी मागचा शिक्का बघितला आणि हसले. "वडिलांनी काढलेला. हा मागचा पडदा मी बघितलाय."

निगेटिव्ह मिळेल? त्यांनी मान हलवली. "जागा किती पुरणार? निगेटिव्हमधली चांदी काढणारे यायचे, किलोवर घेऊन जायचे."

मला धस्स झालं. पण हे फक्त गल्लीतल्या दुकानाचं नाही. कोलकात्याचा बोर्न अँड शेफर्ड हा देशातला एक सर्वांत जुना स्टुडिओ. १९९१ च्या आगीत त्यांचा मोठा संग्रह जळाला आणि २०१६ साली स्टुडिओच बंद झाला. तेव्हा 'स्टुडिओकडे असेलच की' यावर विसंबू नका. फाइल्स घ्या, तीन ठिकाणी ठेवा, त्यातली एक कॉपी दुसऱ्या घरात. आणि निदान एक चांगला प्रिंट काढाच. हार्ड डिस्क भिंतीवर लावता येत नाही!

काकांनी चहा पाजला आणि फुकट क्लासही घेतला. म्हाताऱ्या माणसाला सोफ्यावर बसवू नका, माणूस आत रुततो; ताठ पाठीची साधी खुर्ची द्या. आधी मोठ्यांना जागेवर आणा, पोरांना सगळ्यात शेवटी, कारण ती आधी कंटाळतात. "तुम्हीच काढा ना," मी म्हटलं. ते म्हणाले, "अकरा माणसं? माझ्या दुकानात आता दोघंच मावतात."

स्टॉप ३ : एक वेगळाच प्रश्न

तिसरी फोटोग्राफर मैत्रिणीच्या ओळखीतून मिळाली. दादरला एका इराण्याकडे भेटलो. माझ्याच वयाची, खांद्याला सॅक. मी बजेट, पॅकेज वगैरे सुरू केलं, तर तिने थांबवलं. "फोटो कुठे लावणार?" मग, "आजींना किती वेळ बसवतं?" आणि मग हळूच, "कोणी कोणाशेजारी उभं राहत नाही, असं आहे का?"

मी चहाचा कप खाली ठेवला आणि तीन वर्षांचं महाभारत सांगितलं. तिने नोंद करून घेतली, डॉक्टर घेतात तशी.

पैशांचंही तिथेच क्लिअर झालं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार तुम्ही पैसे देऊन फोटो काढून घेतलात आणि वेगळा करार केला नसेल, तर पहिला हक्क तुमचा असतो. म्हणून सही करण्याआधी करार वाचा. मूळ फाइल्स मिळणार का, किती फोटो एडिट होणार, तुमचे फोटो ते जाहिरातीत वापरणार का, हे सगळं लेखी घ्या. लाजू नका.

मग ती एकटीच सकाळी चाळ बघून आली. आमची गॅलरी जेमतेम चार फूट रुंद. तिथेच उभं राहून वाइड लेन्सने काढलं असतं, तर कडेच्या माणसांचे चेहरे ताणले गेले असते. म्हणून तिने चौकापलीकडच्या समोरच्या गॅलरीतून, लांबच्या लेन्सने काढायचं ठरवलं. वेळ सकाळी साडेआठ : तेव्हा ऊन छपराच्या वर असतं आणि गॅलरीत मऊ उजेड.

आणि तो रविवार

कपड्यांना ड्रेसकोड नव्हता. आजी तिच्या जांभळ्या इरकलीत. समोरच्या बिऱ्हाडाने गॅलरी दिली, वर पोहेही. खोलीचं कुलूप बाबांनी उघडलं, खुर्ची काकांनी बाहेर आणली. दोघं एकमेकांकडे बघत नव्हते.

समोरून फोटोग्राफरचा आवाज आला, "काका, खुर्ची जरा हलतेय, मागून धरता का? बाबा, तुम्ही दुसऱ्या बाजूने?" खुर्ची अजिबात हलत नव्हती. पण दोघांनी धरली. मधे आजी. पुतण्या सगळ्यात शेवटी आला आणि तिच्या मांडीवर चढला. दहा मिनिटांत काम तमाम.

नंतर सिनेमात दाखवतात तसं काही झालं नाही. मिठ्या नाहीत, अश्रू नाहीत. खोलीचा वाद आहे तिथेच आहे. फक्त जिना उतरताना काकांनी विचारलं, "दादा, गुडघा कसा आहे?" आणि बाबा म्हणाले, "आहे तसाच." तीन वर्षांतलं हे सगळ्यात मोठं संभाषण!

प्रिंट आला तेव्हा आजीने तो मांडीवर घेतला. सुरकुत्या सगळ्या जागच्या जागी होत्या. खुर्चीच्या पाठीवरच्या दोन हातांवर तिने बोट फिरवलं.

"याच्या दोन कॉप्या काढ," ती म्हणाली. "एक इथे. एक त्याच्या घरी."