कडूदवणा आणि खिमाड

नाताळ जवळ आला की आमच्या धर्मग्रामातील गावठाणात घरोघरी मनुकांच्या वाइनचा वास दरवळू लागतो. काळ्या मनुका, साखर, मूठभर गहू आणि यीस्ट चिनी मातीच्या बरणीत एकत्र करून वर फडके बांधायचे, रोज लाकडी डावाने ढवळायचे आणि तीन आठवडे वाट पाहायची, हा ईस्ट इंडियन घरांचा जुना परिपाठ. गेल्या आगमनकाळात एका संध्याकाळी धर्मग्रामातील एक तरुण आमच्या कार्यालयात आला. त्याचे लग्न फेब्रुवारीत ठरले होते. पिशवीतून त्याने एक बाटली काढून टेबलावर ठेवली.

“ड्राय व्हर्मुथ, फादर. घरीच बनवलीय. लग्नात कॉकटेल ठेवायचेत आणि परदेशी बाटली परवडत नाही.”

कृतीही त्याने मोठ्या हौसेने सांगितली. नाशिकची पांढरी वाइन, थोडे स्पिरिट आणि बाजारातून आणलेल्या इसेन्सचे काही थेंब. ढवळले की झाले!

त्या शब्दाने आम्हाला हसू आले. गोरेगावच्या सेमिनरीत संत थॉमस अक्वायनसच्या तत्त्वज्ञानात आम्ही ‘एसेन्शिया’ घोटून घोटून पाठ केली होती. वस्तू ज्यामुळे ती वस्तू ठरते, ते तिचे सत्त्व. बाजारात मात्र वस्तू नसताना तिचा भास करून देणाऱ्या थेंबांना हे नाव मिळाले आहे.

व्हर्मुथ हे नाव जर्मन ‘वेरमुट’वरून आले. ही वनस्पती आपल्याला अनोळखी नाही. मराठी पवित्र शास्त्रात प्रकटीकरणाच्या आठव्या अध्यायात पाणी कडू करणारा जो तारा पडतो, त्याचे नाव कडूदवणा. तीच ही वनस्पती. चैत्रात फुलबाजारात येणारा आपला सुवासिक दवणा तिच्याच कुळातला. पांढऱ्या द्राक्षवाइनमध्ये कडूदवणा, धने, संत्र्याची साल, दालचिनी, लवंग अशी द्रव्ये मुरवायची आणि थोडे मद्यार्क घालून तिचे बळ वाढवायचे, ही व्हर्मुथची रीत. ड्राय प्रकारात साखर अगदी कमी. फ्रान्समधील मार्सेयाँ येथे तर तिच्यासाठीची वाइन ओकच्या पिंपांत भरून वर्षभर उघड्यावर, उन्हापावसात ठेवतात. इसेन्सच्या बाटलीत वास येतो. ते वर्ष येत नाही.

“स्पिरिट कुठून आणलेस?” आम्ही विचारले.

“ओळखीतल्या एकाकडून. सुटे मिळते.”

आमचे हसू तेथेच थांबले. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या दारूत मिथेनॉल होते. ते वासाने वा चवीने ओळखू येत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते, आधी दृष्टी जाते, मग प्राण. त्यावर सुगंधी थेंब घातले तर उरलासुरला संशयही मिटायचा. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्यावाचून घरी मद्य बनवणे हा गुन्हा आहे. वेदीवरच्या द्राक्षरसासाठीसुद्धा कायद्यात वेगळी तरतूद करावी लागली. गावठाणातील बरण्यांकडे आम्ही आजवर डोळेझाक करीत आलो, हेही येथे कबूल केले पाहिजे. त्या तरुणाने काही न बोलता बाटली मोरीत ओतली.

मग तो सहज म्हणाला, “आजी पूर्वी लग्नात खिमाड करायची म्हणे. आता करत नाही.”

का करत नाही, हे आम्हाला ठाऊक होते.

सुमारे वीस वर्षांपूर्वी आम्ही याच धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. दारूपायी गेलेल्या एका तरुण बापाला आम्ही मूठमाती दिली. त्याची तीन मुले शवपेटीपाशी उभी होती. पुढच्याच रविवारी प्रवचनात आम्ही खिमाडावर घसरलो. घरच्या आयाबायाच हंडी चढवतात आणि मुलांना दारूची चव लावतात, असे म्हणालो. तो बाप रोज गुत्त्यावर पीत होता. खिमाड तर लग्नाबारशाचे पेय. दालचिनी, लवंग, वेलची, साखर घालून दारू गरम करायची आणि उंबराचे पाणी आणून वऱ्हाड परतले की लहानशा पेल्यातून घोटभर द्यायची. पण आमचा राग गुत्त्यापर्यंत पोचला नाही. तो समोर बसलेल्या म्हाताऱ्यांवर निघाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही त्या आजींकडे गेलो. त्या आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्ही क्षमा मागितली. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, “फादर, तवा तुमी बोललात, मी हंडी माळ्यावर टाकली. माझा नवराही दारूनंच गेला. तुमाला ठाव नव्हतं?”

आम्हाला खरोखरच ठाऊक नव्हते. ज्या बाईला दारूचे दुःख आमच्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते, तिलाच आम्ही दारूवर प्रवचन दिले होते. आणि तरीही ती लग्नाची हंडी चढवीत होती, कारण घोट आणि व्यसन यांतली रेषा तिने स्वतःच्या घरात पाहिली होती.

लग्नात खिमाड झाले. दुकानातून पावतीनिशी आणलेली दारू होती. मसाला आजींनी नातवाकडून कुटून घेतला. किती दालचिनी, किती लवंग, हे त्याने वहीत उतरवून घेतले. आमच्या विनंतीवरून शेजारी दुसरीही हंडी ठेवली होती. मसाला तोच, पण नुसत्या साखरेच्या पाण्यात उकळलेला. ज्यांनी प्रयासाने दारू सोडली आहे, त्यांनाही हातात पेला घेऊन उभे राहता यावे, एवढाच हेतू.

आम्ही त्या दुसऱ्या हंडीतले घेतले. पेला भरून देताना आजी म्हणाल्या, “याला खिमाड नाय म्हणायचं हां, फादर.” आम्ही मान्य केले.