पोर्तोहून सांतियागोपर्यंत, एकट्याने

स्पेनच्या वायव्य कोपऱ्यातल्या सांतियागो दे कोंपोस्तेलाला चालत जायचं ठरवलं की 'कामिनो' म्हणजे एकच रस्ता, अशी बऱ्याच जणांची समजूत असते. नकाशा उघडला की ती गळून पडते. पंढरीला जशा आळंदी, देहू, पैठण, त्र्यंबकेश्वरहून पालख्या निघतात, तशाच येशूचा शिष्य संत याकोब याच्या सांतियागोतल्या कबरीकडेही वाटा चहूबाजूंनी येतात. फरक एवढाच, की इथे दिंडी नाही, विणेकरी नाही आणि एकादशीही गाठायची नाही. ज्याने त्याने आपल्या सवडीने निघायचं.

सगळ्यात नावाजलेली फ्रेंच वाट. फ्रान्समधल्या सँ-झाँ-पिए-द-पोरपासून पिरेनीज ओलांडून सुमारे 780 किलोमीटर. पहिल्याच दिवशी बाराशे मीटरहून जास्त चढ! ती ज्या नावार मुलखातून जाते तिथल्याच हाविएरच्या गढीत 1506 मध्ये फ्रान्सिस झेवियर जन्मला, ज्याचा देह आज जुन्या गोव्यात आहे. त्यामुळे गोवेकराची नजर आधी इकडे वळली तर नवल नाही. उत्तरेची किनाऱ्याकिनाऱ्याने जाणारी वाट 800 किलोमीटरच्या वर, सतत चढउताराची. ओव्हिएदोहून निघणारी 'प्रिमितिवो' सुमारे 320 किलोमीटरची. नवव्या शतकात राजा दुसरा आल्फोन्सो याच वाटेने गेला आणि पहिला यात्रेकरू ठरला, अशी परंपरा आहे. तिच्यावर मध्ययुगीन धर्मशाळांच्या पडक्या भिंतींमधून जाणारा डोंगरमाथ्याचा एक टप्पा आहे. तासन् तास गाव लागत नाही, आणि धुकं उतरलं की अनुभवी माणूससुद्धा खालचा पर्याय धरतो.

पहिल्यांदाच, तेही एकट्याने निघणाऱ्याने किलोमीटर आणि देखावे नंतर बघावेत. आधी ठरवावं, की दिवसभर एकटं चालल्यावर संध्याकाळी सोबत हवी की नको, आणि पाय मुरगळला तर पुढचं गाव किती लांब असलेलं चालेल. 2024 मध्ये सांतियागोला पोचल्याची प्रमाणपत्रं सुमारे 4 लाख 99 हजार जणांनी घेतली. त्यांत निम्म्याहून जास्त बायका होत्या, आणि जवळजवळ निम्मे लोक फ्रेंच वाटेने आलेले. म्हणजे तिथे सोबतीची ददात नाही, पण भर हंगामात शेवटच्या 100 किलोमीटरांत दुपारी खाट मिळावी म्हणून अंधारातच चालू लागणारे भेटतात. प्रिमितिवोवर नेमकं उलट. या दोन टोकांच्या मधली वाट पोर्तुगालमधून येते.

पोर्तोपासून सांतियागो सुमारे 240 किलोमीटर. आळंदी ते पंढरपूर साधारण तेवढंच. दोन आठवड्यांच्या रजेत बसतं. भारतीय पासपोर्टवाल्याची खरी अडचण चालण्याआधीच येते. शेंगेन व्हिसासाठी मुक्कामाचे पुरावे लागतात, आणि गावोगावच्या सरकारी 'आल्बर्गे'त, म्हणजे यात्रेकरूंच्या धर्मशाळेत, आगाऊ नोंदणी सहसा होत नाही. जो आधी येईल त्याची खाट. मग खासगी आल्बर्गे, छोटी हॉटेलं यांची आरक्षणं करून फाइल भरावी लागते.

पोर्तोच्या कॅथेड्रलपासून पिवळे बाण सुरू होतात. हे बाण फार जुने नाहीत. ओ सेब्रेइरोचे पाद्री एलियास वालिन्या यांनी 1984 मध्ये फ्रेंच वाटेवर ते रंगवायला घेतले. रस्त्याच्या कामातून उरलेला रंग वापरला, असं सांगतात. पोर्तुगालमध्ये त्यांच्या जोडीला निळे बाणही दिसतात. ते फातिमा या तीर्थस्थानाकडे, म्हणजे बरोबर उलट दिशेला जातात. शहराबाहेरचा पहिला पट्टा कंटाळवाणा आणि ट्रकांच्या वर्दळीचा. अनेक जण मेट्रोने तो टाळतात किंवा समुद्राकाठच्या लाकडी फळ्यांच्या वाटेने जातात. टाळणाऱ्याचं पुण्य कमी होत नाही. पुढे खरा छळ करते ती दगडी फरसबंदी. मुठीएवढे ग्रॅनाइटचे चौकोनी दगड पातळ तळव्याच्या बुटातून एकेक करून मोजता येतात.

बार्सेलुशला रंगीत कोंबडा दुकानोदुकानी उभा. चोरीच्या खोट्या आळावर फाशी ठरलेल्या यात्रेकरूच्या बाजूने ताटातला भाजका कोंबडा आरवला, ही त्याची कथा. फ्रेंच वाटेवर सांतो दोमिंगो दे ला काल्सादा इथेही अशीच कथा आहे, आणि तिथल्या कॅथेड्रलमध्ये तर जिवंत कोंबडा-कोंबडी पाळलेली असतात.

पोंत द लीमाला मात्र मुक्काम करावाच. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकात रोमन सेनापती देसिमुस युनियुस ब्रुतुस इथवर आला, तेव्हा सैनिक नदीत उतरेनात. ही लेथे, पाणी ओलांडलं की स्मृती जाते, अशी त्यांची खात्री. शेवटी तो एकटाच पलीकडे गेला आणि तिथून एकेका शिपायाला नावाने हाका मारू लागला, अशी कथा. आज एका काठावर शिपायांचे पुतळे रांगेत उभे आहेत, दुसऱ्या काठावर घोड्यावर सेनापती. एकट्या यात्रेकरूला त्या घोडेस्वाराचीच बाजू पटावी, पण थकलेल्या पायांना शिपायांचंही म्हणणं अगदीच चूक वाटत नाही.

पुढचा लाब्रूजाचा चढ या वाटेवरचा सगळ्यात खडा, तरी माथा समुद्रसपाटीपासून जेमतेम 400 मीटरवर. मग वालेंसाचा किल्ला, आणि मिन्यू नदीवरचा 1886 चा लोखंडी पूल: वरून आगगाडी, खालून मोटारी, कडेने पाठपिशव्या. पलीकडे स्पेनमधलं तुई. घड्याळ एक तास पुढे जातं आणि खाटेसाठी घाई करणाऱ्याला तो तास चांगलाच महागात पडतो. प्रमाणपत्राला शेवटचे 100 किलोमीटर पायी लागतात. तुईहून ते भरत असल्याने इथून वाटेवर गर्दी वाढते.

पोंतेवेद्राला अठराव्या शतकातलं यात्रेकरू-मातेचं चर्च आहे, त्याचा आराखडाच यात्रेकरूंची खूण असलेल्या शिंपल्याच्या आकाराचा. पाद्रोनला याकोबचा देह आणणारी नाव ज्याला बांधली असं मानतात, तो दगड चर्चच्या वेदीखाली ठेवलाय. त्याच गावच्या हिरव्या मिरच्या तळून, वर जाडं मीठ पेरून येतात. बी मेक्सिकोहून फ्रान्सिस्कन साधूंनी आणलं म्हणतात. आपल्याकडे मिरची पोर्तुगीजांनी आणली. मराठी जिभेला यातल्या बहुतेक मिरच्या गोडच लागतात, एखादीच तिखट निघते.

तिथून सांतियागो एका दिवसाच्या चालीवर. 997 मध्ये कोर्दोबाच्या अल-मन्सूरने ते शहर जाळलं आणि चर्चच्या घंटा कोर्दोबाला नेल्या. 1236 मध्ये कोर्दोबा जिंकल्यावर राजा तिसऱ्या फर्नांदोने त्या परत पाठवल्या. आता कॅथेड्रलजवळच्या यात्रेकरू कार्यालयात यात्रेच्या पुस्तिकेवर वाटेत घेतलेले शिक्के तपासतात. शेवटच्या 100 किलोमीटरांत रोज दोन शिक्के हवेत. यात्रेचा हेतू धार्मिक होता का, हेही विचारतात. नव्हता म्हणणाऱ्याला वेगळं प्रमाणपत्र मिळतं. संत याकोबचा दिवस, 25 जुलै, रविवारी आला की ते पवित्र वर्ष आणि गर्दीला सुमार राहत नाही. असं पुढचं वर्ष 2027 आहे; ज्याला खाटेची धास्ती आहे त्याने ते टाळावं, ज्याला वारीची सवय आहे त्याने खुशाल जावं.