दोष कोणाचा?

संगणकावर खेळण्याची हौस वाईट आहे, असें सांगण्यासाठीं मीं लेखणी हातीं घेतलेली नाहीं. गेल्या उन्हाळ्यांत माझ्याच घरीं जें घडलें तें येथें सांगतों. कारण त्यांतला धडा माझ्या वांट्याला आला, आणि तो देणारा माझाच मुलगा होता.

चिरंजीव नववीची परीक्षा देऊन मोकळा झाला होता. खेळांसाठीं संगणक हवा, हा त्याचा वर्षभराचा हट्ट. शिक्षकाच्या मिळकतींत नवें यंत्र बसेना. म्हणून एक जुना संगणक घेतला व त्यांत नागपुराहून आणलेलें सेकंडहॅण्ड ग्राफिक्स कार्ड बसविलें. मुख्य प्रोसेसर थोडीं पण गुंतागुंतीचीं कामें करतो; ग्राफिक्स कार्ड पडद्यावरील चित्रांचे असंख्य सोपे हिशेब एकाच वेळीं उरकतें. पुण्याच्या सी-डॅकचा ‘परम सिद्धि’ हा महासंगणक 2020 सालीं याच जातीच्या चिपांवर उभा राहिला, हें मुलानेंच मला सांगितलें.

आमचें कार्ड 2016 सालीं निघालेल्या जीटीएक्स 1060 जातीचें, 120 वॅट वीज ओढणारें. 2022 च्या सप्टेंबरांत इथेरियम या आभासी चलनाची कार्डांवरील ‘खोदाई’ थांबली आणि अशीं वापरलेलीं कार्डें बाजारांत आलीं. मुलगा म्हणाला, “बाबा, याच्यासाठीं एसएमपीएसहि चांगला घेऊं.” एसएमपीएस म्हणजे संगणकाला वीज पुरविणारी पेटी. मीं म्हटलें, “जुना चालतो आहे ना?” आणि तेवढे पैसे वांचविल्याचें समाधान मानलें.

आठवड्यांतच संगणक दगा देऊं लागला. लेखन करा, चित्रपट पाहा, कांहीं बिघाड नाहीं. खेळ सुरू केला कीं पांच मिनिटांत सारें बंद. मी संतापलों. “रात्रंदिवस खेळून कार्ड जाळलेंस!” असें म्हणून संगणकाच्या खोलीला कुलूप लावलें. मुलगा उलट बोलला नाहीं. चार दिवस घरांत अबोला होता. पांचव्या दिवशीं तो म्हणाला, “बाबा, दोष कोठें आहे तें मला शोधूं द्या, मग काय ती शिक्षा करा.”

त्यानें एक वही घातली. एका वेळीं एकच बदल करावयाचा व परिणाम लिहून ठेवावयाचा, असा नियम. आपलें वणी कोळशाच्या खाणींचें गांव. ट्रकांची काळी धूळ घरांत येते. पंखे व जाळी त्यानें ब्रशानें साफ केलीं. दोष गेला नाहीं. मग कार्डाची उष्णता मोजली. मे महिन्याच्या त्या उकाड्यांतहि ती 75 अंशांवर गेली नाहीं. ड्रायव्हर काढून पुन्हां घातला, तेंच. शेवटीं कार्ड मित्राच्या संगणकांत लावलें, तेथें तें दोन तास बिनतक्रार चाललें. कार्ड निर्दोष होतें!

आतां उरला एसएमपीएस. त्याच्यावर मोठा आंकडा होता 450 वॅटचा. पण बाजूच्या बारीक अक्षरांतील कोष्टक पाहतां, कार्डाला लागणाऱ्या 12 व्होल्टच्या धारेवर त्यांतील थोडाच भाग मिळत होता. नवा एसएमपीएस आणला आणि खेळ अखंड चालला. म्हणजे दोष होता तो माझ्या काटकसरीचा! त्या रात्रीं मीं मुलाची क्षमा मागितली. त्यानें मान खालीं घातली व म्हटलें, “वही जपून ठेवूं, बाबा. पुढें लागेल.”

पालकहो, असा संगणक घेतां तर आधीं कोणते खेळ व केवढा पडदा हें ठरवा. 1080 रेषांच्या साध्या पडद्याला महागडें कार्ड नको. पैसे फारच थोडे असतील तर रायझन 5 5600जी सारखा, चित्रांची सोय अंगींच असलेला प्रोसेसर घेऊन कार्डावांचून आरंभ करा. वापरलेलें कार्ड अर्धा तास खेळ चालवून पाहिल्यावांचून घेऊं नका. पडद्याची तार कार्डालाच जोडली आहे ना, हेंहि पाहा. आणि एसएमपीएसवर काटकसर करूं नका.

मुलांच्या गुणपत्रकावर लाल रेघ दिसली कीं आपण प्रथम मुलालाच दोष देतों. मीहि पुष्कळ वर्षें तसेंच करीत आलों. आतां रागावण्यापूर्वीं मला ती वही आठवते.