वहीतले तीन रकाने

“मॅडम, ही थेरपी पूर्ण झाली की माझा मुलगा बरा होईल ना?”

पुण्यातील एका केंद्रात मी नुकतीच रुजू झाले होते, तेव्हा एका आईने हा प्रश्न विचारला. उत्तरादाखल मी वर्तनोपचाराची पाठ्यपुस्तकी व्याख्या सांगितली: उद्दीपक, प्रतिसाद, प्रबलन, अनिष्ट वर्तन कमी करणे. तिने मान डोलावली. पुढच्या आठवड्यात ती समाधानाने म्हणाली, “हात फडफडवू लागला की त्याचे बाबा दोन्ही हात घट्ट धरून ठेवतात.” पाच वर्षांचा तो मुलगा आनंदला म्हणजे हात फडफडवीत असे. त्याचा आनंदच आम्ही ‘अनिष्ट’ ठरवला होता. चूक पालकांची नव्हती. माझ्या समजावण्याची होती.

त्या दिवसापासून मी परिभाषा बाजूला ठेवली आणि पालकांच्या हाती वही दिली. तिच्यात तीन रकाने: आधी काय घडले, मुलाने काय केले, नंतर काय घडले. वर्तनोपचाराचा पाया एवढाच आहे. याच मुलाचा सकाळचा आकांत घरी ‘हट्ट’ समजला जाई. आठवडाभराच्या नोंदींत प्रत्येक आकांताच्या आधी एकच गोष्ट आढळली: कुकरची शिट्टी. मग आईने कुकर लावण्यापूर्वी त्याला तसे सांगायला सुरुवात केली. ‘बाहेर’ असे चित्र असलेले एक कार्डही त्याला दिले. त्याने ते हाती दिले की लगेच त्याला गॅलरीत न्यायचे. आकांताने तो जे सांगू पाहत होता, ते सांगण्याचा सोपा मार्ग त्याला मिळाला. हात फडफडवण्याने मात्र कोणालाच इजा होत नव्हती; ते आम्ही त्याच्याकडेच राहू दिले.

पालकांना सहभागी करून घेण्यामागे संशोधनाचाही आधार आहे. ‘पास’ नावाची चाचणी गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथे झाली. तिचे निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट सायकिअॅट्री’त प्रसिद्ध झाले. २ ते ९ वर्षे वयाच्या ६५ स्वमग्न मुलांचा तीत समावेश होता. ब्रिटनमधील एक पद्धत इथल्या घरांना अनुरूप करून घेतली गेली. काटेकोर अर्थाने तो वर्तनोपचार नव्हे, संवादोपचार. तज्ज्ञांऐवजी प्रशिक्षित कार्यकर्ते पालकांसोबत बसून, त्यांचे व मुलाचे खेळतानाचे चित्रण पाहत. पालक मुलाच्या लक्षाशी अधिक जुळवून घेऊ लागले, आणि मुले स्वतःहून अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी एकाच गोष्टीत मिळून रमण्याचे प्रमाण घटले. चाचणी लहान होती, निष्कर्ष संमिश्र होते. पालकांना हेही सांगितले पाहिजे. तज्ज्ञ मोजके असलेल्या या देशात तिचे मोल तरीही मोठे आहे.

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांनो, स्वमग्नता ही तापासारखी उतरणारी गोष्ट नाही. ती मेंदूच्या जडणघडणीतील भिन्नता आहे. म्हणून त्या आईला ‘होय’ म्हणणे ही फसवणूक ठरली असती, आणि नुसते ‘नाही’ म्हणणे क्रौर्य. मला उत्तर द्यायला तीन महिने लागले, आणि तेही अखेर तिच्याच वहीत सापडले.

आधी: कुकर लावला. मुलाने: कार्ड आणून दिले. नंतर: आम्ही दोघे गॅलरीत गेलो.

त्या पानावर बोट ठेवून मी म्हणाले, “ताई, थेरपीने हे होते.”