महिन्याला किती पळणार?

जुन्या गाड्यांच्या आवारात दोन गाड्या शेजारीशेजारी उभ्या होत्या. एकाच बनावटीच्या, दोन्ही २०२१ सालच्या, रंगही पांढराच. एक डिझेल, एक पेट्रोल. डिझेलवाली एक लाख वीस हजारांनी महाग. सोबत आलेल्या मिस्त्रीनं दोन्हींच्या बॉनेटवर तळहात ठेवला. डिझेलवालीवरचा त्यानं लगेच उचलला. "गरम आहे. आपण यायच्या आधी चालू करून ठेवलीय." मग मालकाकडे वळून म्हणाला, "उद्या सकाळी सातला येतो. तोवर चावी लावू नका." रात्रभर थंड पडलेलं डिझेल इंजिन सकाळी कसं उठतं आणि उठताना कसला धूर टाकतं, त्यावरून त्याची तब्येत कळते.

बाहेर टपरीवर चहा घेताना त्यानं विचारलं, "सर, महिन्याला किती पळणार गाडी? ते आधी सांगा."

मला पटकन सांगता आलं नाही. डिझेल घ्यायची हे मी घरून ठरवूनच आलो होतो, आणि त्यामागं हिशेब नव्हता.

मोहोळ तालुक्यात सीनाकाठी आमचं गाव. विहिरीवर वडिलांचं, आण्णांचं, पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. हेडवरची कळ उचलायची, हँडल घालून जड चाक फिरवायचं, चाकानं वेग धरला की कळ सोडायची. भक्कन काळा धूर निघायचा, आणि मग ते एका तालात बोलायला लागायचं. डिझेल सायकलवरून कॅनमध्ये यायचं. कधी टाकी कोरडी पडली की इंजिन हवा धरायचं. आण्णा नळीचा नट पान्यानं सैल करत, हातपंप मारत बसायचे. आधी नुसता फेस यायचा, मग फेसात तेल, आणि शेवटी बुडबुड्याशिवाय नितळ धार. धार आली की नट आवळायचा. मी टॉर्च धरून उभा असायचो. त्यांच्या बोटांचा वास मातीनं चोळलं तरी जायचा नाही. आम्ही पोरं त्याच हातची भाकरी खायचो, आणि तो वास आम्हाला घरचाच वाटायचा.

आईचं घड्याळ म्हणजे ते इंजिन. रानातला आवाज घरापर्यंत यायचा. संध्याकाळी तो थांबला की ती तवा चुलीवर ठेवायची. अवेळी थांबला तर म्हणायची, "हवा धरली वाटतं," आणि पीठ झाकून ठेवायची. ७२ च्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा इंजिन कित्येक महिने पोत्याखाली गप्प होतं. त्या शांततेत घरात कोणी मोठ्यानं बोलल्याचं मला आठवत नाही.

डिझेल हे एका माणसाचं नाव आहे, हे मला फार उशिरा कळलं. रुडॉल्फ डिझेल या जर्मन अभियंत्यानं १८९७ मध्ये ऑग्सबुर्गला आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. यात ठिणगी देणारा प्लगच नाही. सिलिंडरातली हवा इतकी दाबायची की ती प्रचंड तापावी, आणि त्यात तेलाचा फवारा सोडायचा. तेल आपोआप पेटतं. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात असं एक छोटं इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चाललं होतं. आमच्या रानात भुईमूग व्हायचा. आण्णांना ही गोष्ट सांगायची राहून गेली.

वीज आली, मोटर बसली, इंजिन विकलं गेलं. मी औषध कंपनीत एम.आर. झालो. सोलापूर, तुळजापूर, लातूर, पंढरपूर, विजापूर असा माझा भाग. बरीच वर्षं एसटी आणि वडापच्या जीपमध्ये काढली. २०१२ च्या जूनमध्ये दोन वर्षं वापरलेली एक डिझेल गाडी घेतली. १२४८ सीसीचं, फियाटच्या रचनेचं इंजिन. त्या काळी निरनिराळ्या कंपन्यांच्या कितीतरी गाड्यांत हेच इंजिन धडधडत होतं. गाडी घेतली त्याआधीच्या महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या पुढे गेलं होतं आणि डिझेल ४१ च्या आत होतं. लिटरमागं बत्तीस रुपयांचा फरक! माझी गाडी महिन्याला अडीच हजार किलोमीटर पळायची आणि कंपनी किलोमीटरवर भत्ता द्यायची. मुलाच्या शिक्षणाचा बराचसा खर्च त्या फरकातून निघाला.

हे लिहिताना एक गोष्ट मला टोचते. डिझेल स्वस्त ठेवलं होतं ते विहिरीवरच्या इंजिनासाठी, ट्रॅक्टरसाठी, एसटी आणि मालट्रकसाठी. सरकार तोटा सोसत होतं तो आण्णांसारख्यांच्या नावावर. त्या वर्षांत देशात विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारींपैकी निम्म्याच्या आसपास डिझेलच्या होत्या, आणि आण्णांच्या वाट्याचं तेल आम्ही मोटारवाले जाळत होतो. जानेवारी २०१३ पासून ते महिन्याला पन्नास पैशांच्या आसपास चढवत नेलं आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये दरावरचं नियंत्रण उठवलं. ते योग्यच झालं असं मी तेव्हाही म्हणायचो, भत्त्याला कात्री लागत असतानाही.

आणि धूर. मी गाडी घेतली त्याच जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवतो, असं जाहीर केलं. छातीच्या एका डॉक्टरांकडे बॅग घेऊन बसलो असताना ते मला कळलं. बाहेरच्या बाकावर दम्याचे पेशंट आणि खाली पार्किंगमध्ये माझी गाडी. पुढे राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात हवा सुधारायची गरज असलेल्या शहरांच्या यादीत सोलापूरचं नाव आलं, तेव्हा मला नवल वाटलं नाही.

तरी त्या गाडीनं मला कधी रस्त्यात सोडलं नाही. पुणे रस्त्यानं जाता-येता चिंचोळी एमआयडीसी लागायची. १९९२ साली आपल्या सोलापुरात सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथून जगभरच्या मोटार कंपन्यांना कॅमशाफ्ट पाठवते. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडणारा, मिटणारा तो दांडा. चादरीच्या गावात हे घडतं याचा मला दर वेळी अभिमान वाटायचा. मिस्त्री म्हणतो, पेट्रोल काय, डिझेल काय, कॅमशाफ्ट दोघांनाही लागतोच.

२०२३ मध्ये निवृत्त झालो. २०२५ मध्ये गाडीची पंधरा वर्षांची नोंदणी संपली. पुन्हा तपासणी, पर्यावरण कर, नोंदणी हे सगळं करता आलं असतं. पण आता गाडी जाते कुठे? आईला व्हीलचेअरवरून फिजिओथेरपीला, मंडईला, एखाद्या गुरुवारी अक्कलकोटला. सीएनजीचाही विचार केला, पण डिकीत टाकी आली की व्हीलचेअर ठेवायची कुठे?

"चारशे," मी शेवटी मिस्त्रीला सांगितलं. "महिन्याला चारशे किलोमीटर."

त्यानं बिस्किटाच्या पुड्याच्या पाठीवर मांडून दाखवलं. पेट्रोल १०४ च्या आसपास, लिटरला सोळा किलोमीटर. डिझेल ९१ च्या आसपास, लिटरला वीस. किलोमीटरला दोन रुपयेही वाचत नाहीत. वर्षाला साधारण साडेनऊ हजार. वरचे एक लाख वीस हजार फिटायला जवळजवळ तेरा वर्षं.

"आणि पैशाचं सोडा सर," तो म्हणाला, "हिला लांब रस्ता लागतो." एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ डिझेल गाड्यांना धुरातली काजळी अडवणारी जाळी असते. हायवेवर इंजिन नीट तापलं की ती काजळी जळून जाळी मोकळी होते. सात रस्ता चौकापासून दवाखाना आणि परत, एवढ्यात ती तापतच नाही. काजळी साठते, दिवा लागतो, गाडी ओढत नाही. "चांगली गाडी आहे. पण तुमच्याकडे आजारी पडेल."

दुसऱ्या दिवशी सातला आम्ही गेलो. थंड डिझेल एका चावीत उठलं. धूर नाही. मिस्त्रीनं ऑइलचं झाकण उघडून उलटं ठेवलं, ते जागचं हललं नाही. इंजिन अगदी निरोगी होतं. मी डोळे मिटून मिनिटभर तो आवाज ऐकला आणि पेट्रोलच्या गाडीचा बयाणा दिला.

कागदपत्रं झाली, गाडी घरी आली. आईला उचलून पुढच्या सीटवर बसवलं, पट्टा लावला, चावी फिरवली. ती समोर बघत राहिली. थोडा वेळ गेला.

"कर की रं चालू," ती म्हणाली.

"चालूच आहे, आई."

तिनं मान थोडी तिरकी केली, रानाकडे कान लावायची तशी, आणि ऐकत राहिली.