पायऱ्या किती आहेत?

आपल्या अंकात प्रवासलेख लिहिणारी मंडळी कुठेतरी जाऊन आलेली असतात. मी अजून जाऊन आलेलो नाही. ज्या जागेबद्दल लिहितोय ती सॅन होजेच्या डाउनटाउनमध्ये आहे, आणि तिथे जायचा बेत ठरला तो आदिलाबादच्या आमच्या घराच्या ओसरीवर, डिसेंबरातल्या एका रात्री, शेकोटीजवळ.

आदिलाबादला थंडी पडते हे सांगितलं की इथल्या मित्रांना खरं वाटत नाही. पण तेलंगणातला सगळ्यात गार भाग म्हणून दर हिवाळ्यात आमचं नाव बातम्यांत असतं. पहाटे पारा पाच-सहा अंशांपर्यंत उतरतो. आणि मे महिन्यात तोच पारा पंचेचाळीसला टेकतो. पैनगंगा ओलांडली की यवतमाळ जिल्हा, त्यामुळे घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि भांडायला उर्दूमिश्रित हिंदी असा आमचा कारभार. बाबांचा जन्म १९५५चा, म्हणजे जुन्या हैदराबाद राज्यातला. पुढच्याच वर्षी ते आंध्र प्रदेशात गेले आणि २०१४ साली तेलंगणात आले. घर मात्र एकच.

मार्चच्या शेवटी आई-बाबा आमच्याकडे सनीव्हेलला येणार आहेत. माझ्या आठ वर्षांच्या मुलीची एकच मागणी होती : आजोबांना शार्क्सची मॅच दाखवायची. म्हणून त्या रात्री मी लॅपटॉपवर अरेनाचा, म्हणजे आसनांचा नकाशा उघडला आणि बाबांना दाखवू लागलो. त्यांनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"पायऱ्या किती हायेत?"

या प्रश्नामागे एक जुनी गोष्ट आहे. २०१९ला ते दोघं पहिल्यांदा आले होते, तेव्हा मी त्यांना एका मोठ्या स्टेडियममध्ये बेसबॉल दाखवायला नेलं होतं. हौसेनं मैदानालगतची महागडी तिकिटं काढली. खाली उतरायला चाळीसेक पायऱ्या होत्या आणि धरायला कठडा नव्हता. बाबा माझ्या खांद्यावर हात ठेवून उतरले आणि तीन तास जागेवरून हलले नाहीत. पाणी दिलं तर नको म्हणाले. कसं वाटतंय विचारलं की, "छान आहे." मी खूष. त्या दिवशी मी चाळीस फोटो टाकले होते.

खरी गोष्ट मला दोन वर्षांनी कळली, तीही आई फोनवर सहज बोलून गेली म्हणून. पाणी प्यायलं असतं तर बाथरूमला जावं लागलं असतं, आणि त्या पायऱ्या चढून पुन्हा उतरायची बाबांना भीती वाटत होती. बाबांनी तीस वर्षं रसवंती चालवली. दिवसभर चरकाशेजारी उभं राहून त्यांचे गुडघे गेले, आणि त्याच रसवंतीवर माझं बी.ई. झालं. मी मात्र तिकीट काढताना मैदान किती जवळून दिसेल एवढंच पाहिलं होतं.

म्हणून या वेळी बेत बाबांच्या प्रश्नापासून सुरू केला. तुमच्याकडेही आजी-आजोबा येत असतील, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आधी जागेबद्दल. सॅप सेंटर १९९३ साली उघडलं. शार्क्स संघ त्याआधी दोन वर्षं सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या काऊ पॅलेसमध्ये खेळत होता. इमारतीचं नाव आधी सॅन होजे अरेना, मग कॉम्पॅक सेंटर, मग एचपी पॅव्हिलियन आणि २०१३पासून सॅप सेंटर. आपल्या व्हॅलीत कोणाचे दिवस कधी होते ते या पाटीवरून कळतं. "म्हणजे आपल्यासारखंच. घर तेच, पाटी बदलते," बाबा म्हणाले.

हॉकीसाठी आत सतरा हजारांहून जास्त लोक बसतात. सामना सुरू होण्याआधी खेळाडू एका प्रचंड शार्कच्या जबड्यातून बर्फावर येतात. माझ्या मुलीला मॅचपेक्षा त्याचंच जास्त कौतुक.

आता पायऱ्या. अशा अरेनांमध्ये तुम्ही आत शिरता ते मधल्या फेरीमार्गावर. तिथून खालच्या भागातल्या आसनांकडे उतरायचं आणि वरच्या भागाकडे चढायचं. म्हणजे काचेला लागून असलेली महागडी जागा ही सगळ्यात जास्त पायऱ्यांची जागा. खालच्या भागातली सगळ्यात मागची ओळ मात्र फेरीमार्गाला लागून असते. उठलं की चार पावलांवर बाथरूम, चहा-कॉफी, सगळं. शिवाय हॉकी थोड्या उंचीवरूनच नीट कळते. बर्फाचं मैदान २०० फूट लांब आणि ८५ फूट रुंद, आणि त्यावरून धावणारी ती रबराची चकती तीन इंचांची. खाली बसलं तर समोरच्या कोपऱ्यात काय चाललंय ते दिसतच नाही. चाकाच्या खुर्चीसाठी वेगळ्या जागा असतात आणि सोबत्याला शेजारी बसता येतं. तो पर्याय मी बाबांपुढे ठेवला. "मी काय इतका म्हातारा झालो?" म्हणाले. विषय संपला.

मग वेळ. नियमित हंगाम ऑक्टोबर ते एप्रिलच्या मध्यापर्यंत असतो, म्हणजे आम्हाला मोजून दोन-तीन आठवडे मिळतात. रात्रीचा सामना संपायला दहा वाजतात, म्हणून शनिवार-रविवारचा दुपारचा सामना शोधायचा. वीस-वीस मिनिटांचे तीन भाग, मध्ये दोन मध्यंतरं, साधारण अठरा मिनिटांची. एकूण अडीच तास धरा.

जायचं कॅलट्रेनने. डिरिडॉन स्टेशनातून बाहेर पडलं की अरेना जवळच आहे. पार्किंगच्या रांगेत पाऊण तास गाडीत बसण्यापेक्षा बाबांना रेल्वे बरी वाटते. परतताना गर्दीबरोबर उठायचं नाही. लोक ओसरेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं बसून राहायचं आणि त्यानंतरची गाडी आधीच पाहून ठेवायची.

आईचे प्रश्न वेगळे होते. डबा नेता येतो का? बाहेरचं खाणं सहसा आत नेऊ देत नाहीत आणि पिशवीच्या मापाचेही नियम असतात. औषधं किंवा मधुमेहासाठी काही न्यायचं असेल तर अरेनाचे नियम आदल्या दिवशी वाचून घ्या. थंडी किती? बर्फ उणे पाच अंशांच्या आसपास असतो, पण बसायच्या जागी पंधरा-सोळा अंश असतात. आई म्हणाली, "इथं पहाटे सडा घालते मी, याच्याहून गार असते." तरी शाल घ्यायचीच. आणि गोल झाला की भोंगा वाजतो तो दचकायला लावणारा, हे आधीच सांगून ठेवायचं. बाबांच्या श्रवणयंत्राचा आवाज कमी कसा करायचा ते मी त्यांना तिथेच शिकवून घेतलं.

एवढं होईपर्यंत बाबा माझ्यासाठीच हो-हो म्हणत होते हे मला कळत होतं. त्यांची मान वर झाली ती झँबोनीचं नाव निघाल्यावर.

मध्यंतरात बर्फावरून एक गाडी फिरते. स्केट्सनी ओरखडलेला वरचा थर ती खरवडून काढते, धुते आणि मागे पाण्याचा पातळ थर सोडते. हे यंत्र बनवणारा फ्रँक झँबोनी कॅलिफोर्नियातलाच, पॅरामाउंट गावचा. त्याचा आणि भावाचा धंदा बर्फाच्या लाद्यांचा. घरोघरी फ्रिज आले तसा लाद्यांचा खप घटला, म्हणून १९४०मध्ये त्यांनी स्केटिंगची रिंक काढली. बर्फ पुन्हा गुळगुळीत करायला तीन-चार माणसांना तासाहून जास्त लागायचा, म्हणून त्याने खटपट करून १९४९मध्ये हे यंत्र उभं केलं.

"लाद्यांचा धंदा होता?" बाबांनी खुर्ची पुढे ओढली. "पाणी कोणतं सोडते ते?"

"गरम."

"हां. बराबर."

मी बराबर का म्हणून विचारलं. इंजिनीअर मी, पण उत्तर त्यांच्याकडे होतं. लादीच्या मधोमध जो पांढुरका पट्टा असतो ती अडकलेली हवा. तापवलेल्या पाण्यात हवा कमी, त्याचा बर्फ काचेसारखा होतो आणि कडकही. शिवाय गरम पाणी खालच्या बर्फाला जरासं वितळवून त्याला धरून बसतं, थंड पाणी नुसतं वर पापुद्रा धरतं. तीस वर्षं रोज सकाळी कारखान्यातून पोत्यात गुंडाळून, भुसा लावून लादी आणणाऱ्या माणसाला हे कोणी शिकवावं लागत नाही. अरेनातला बर्फ जेमतेम इंचभर जाड असतो आणि त्याच्याखाली थंड द्रावाच्या नळ्या असतात, हे ऐकून मात्र ते थक्क झाले. "एवढ्याशा बर्फावर एवढाले गडी?"

मग बेत बाबांनीच बदलला. दरवाजे उघडले की आत जायचं. सरावानंतर गाडी फिरते ती पाहायची, दोन्ही मध्यंतरांतली पाहायची. आणि मध्यंतरात चहाला जायचं नाही, कारण खरं काम तेव्हाच चालतं. चहा खेळ चालू असताना. जागा कुठे घ्यायची तेही त्यांनीच नकाशावर बोट ठेवून सांगितलं : जिथून ती गाडी आत येते त्या टोकाला, मागची ओळ. त्या टोकाला गोलच्या मागे जाळी असते, चकती उडून प्रेक्षकांत येऊ नये म्हणून. त्यामुळे आईचीही काळजी मिटली.

परत आल्यावर मी चार तिकिटं काढली. एप्रिलमधला शनिवार, दुपारचा सामना. मुलीने आजोबांना फोनवर ऑफसाइड समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "गाडी चालवणाऱ्याशी बोलता येईल का?"

हे अजून कळलेलं नाही. या वेळी मात्र मी पाण्याची बाटली आधी विकत घेऊन त्यांच्या हातात देणार आहे, आणि ते पितात की नाही तेही बघणार आहे.