यादीत नसलेली डिस्क

लिनक्स टाकायला घ्यावं, पेनड्राइव्हवरून इन्स्टॉलर नीट उघडावा आणि पार्टिशनच्या पानावर एकट्या पेनड्राइव्हचंच नाव दिसावं. डिस्क मेलेली नसते. विंडोज तिच्यावरूनच चालत असतं, बायोसमध्ये तिचं नाव आणि क्षमताही दिसते. बाकीच्या अडचणी सुटल्या की विसरल्या जातात, ही मात्र डोक्यातून जात नाही. कारण तिच्यावरचा उपाय सगळ्यांना तोंडपाठ आहे, बरोबरही आहे, आणि तरी बहुतेकदा अवेळी केला जातो. बायोसमध्ये जा, रेड किंवा आरएसटी काढ, एएचसीआय कर. माझं म्हणणं एवढंच, की डिस्क कशाच्या आड गेली आहे हे कळल्याशिवाय त्या सेटिंगला हात लावू नये.

आड जाण्याचे प्रकार दोन आहेत, आणि बाहेरून ते हुबेहूब सारखे दिसतात. इंटेलच्या जुन्या मांडणीत एनव्हीएमई डिस्क साटा कंट्रोलरच्या पोटात जाते. एलएसपीसीआयच्या यादीत तिची स्वतंत्र ओळच नसते, रेड कंट्रोलरची तेवढी असते. डीमेसेज चाळलं तर मात्र एएचसीआय ड्रायव्हर सांगतो, की रिमॅप केलेली एक एनव्हीएमई सापडली आहे, ती हवी असेल तर बायोस एएचसीआयवर न्या. इथे दुसरा मार्ग नाही, मुख्य कर्नेल ही मांडणी चालवत नाही. अकराव्या पिढीच्या प्रोसेसरपासून बऱ्याच लॅपटॉपमध्ये व्हीएमडी आलं, त्याची गोष्ट वेगळी. त्याचा ड्रायव्हर कर्नेलमध्ये 4.5 पासून, म्हणजे 2016 पासून आहे. नव्या चिपांची ओळख त्यात पुढे भरली गेली. तिथे जुना पेनड्राइव्ह बदलून ताजा इन्स्टॉलर घेतला की बायोस न उघडता डिस्क समोर येऊ शकते.

यावर कुणी म्हणेल, कर्नेल स्वतःच बदल करा म्हणतो, मग थांबायचं कशाला? कर्नेलला त्याची अडचण कळते. शेजारी विंडोज नांदतं आहे हे त्याच्या हिशेबात नसतं. विंडोज सुरू होताना आपल्याला लागणारा डिस्कचा ड्रायव्हर आधीच ठरवून बसलेलं असतं. खालची मांडणी परस्पर बदलली की ते निळ्या पडद्यावर अडतं. आधी त्याला सेफ मोडमध्ये उठायला सांगायचं, मग बदल करायचा, एकदा तसं उठू द्यायचं आणि सेफ मोड काढून टाकायचा. बिटलॉकर असेल तर 48 आकडी रिकव्हरी की आधी हातात हवी. अर्धा तास जातो, पण मालकाचा डेटा जागेवर राहतो.

‘फॉरमॅट मारून देतो’ म्हणणाऱ्यांशी माझं भांडण इथेच आहे. डिस्क दिसली नाही की ते एएचसीआय करतात, सोबत सिक्युअर बूट बंद करतात, लेगसी चालू करतात. सिक्युअर बूटचा डिस्क दिसण्या-न दिसण्याशी संबंध नाही, आणि लेगसीमुळे जीपीटी डिस्कवर ग्रबला वेगळं छोटं पार्टिशन लागतं, म्हणजे नवी कटकट. लिलोच्या काळात नावाची चार अक्षरं उमटायची. दोनवर थांबलं तर दुसरा टप्पा वाचला गेला पण सुरू झाला नाही, हे तिथेच कळायचं. आजचे देखणे इन्स्टॉलर रिकामी यादी दाखवून गप्प बसतात, आणि त्यामुळेच अंदाजाने सेटिंगं फिरवणारे वाढले. पण एफ2 दाबून दहा सेकंदांत डिस्क आणून दाखवण्यात एक रुबाब असतो आणि तो मलाही प्रिय आहे, हे कबूल करायला हवं. शेजारी शिकणारं कुणी असलं की जास्तच. त्याच्या हाती मात्र बोटांची हालचाल लागते, कारण लागत नाही. म्हणून आता डीमेसेजची ती ओळ सापडेपर्यंत हात मांडीवर ठेवायचा असं ठरवलं आहे. ते जड जातं.

राहिला शेवटचा आक्षेप: सगळी डिस्क पुसायचीच असेल तर एवढा विचार कशाला? तिथे खुशाल एएचसीआय करावं, मला मान्य आहे. फक्त त्या मशीनचं मूळ सेटिंग रेड होतं हे कागदावर लिहून ठेवावं. जुन्या मशीनमध्ये बोर्डावरचा सीआर2032 सेल संपला की बायोस मूळ पदावर येऊ शकतो. मग ग्रबचा मेनू नेहमीसारखा येतो, कारण फर्मवेअरला डिस्क दिसतेच आहे. कर्नेलही चढतो, आणि रूट सापडत नाही म्हणून इनिटरॅमएफएसच्या प्रॉम्प्टवर थांबतो. तिथे बसलेल्या माणसाला डिस्क गेली असंच वाटतं.